गल्लीची गोधडी : आईपणाच्या गोष्टी मिळाल्या, बापपणाच्या कशा मिळवाव्यात?

कांडी

नमस्कार मंडळी. मी इचलकरंजीची, शाळेत चित्रकला शिकवते. दिवाळीनंतर गल्लीतल्या आम्ही पाच जणींनी एक काम हाती घेतलंय आणि ते एका जागी अडलंय, म्हणून हा धागा.

काम असं. प्रत्येक घराने आपल्या मुलाचं तान्हेपणीचं एक कापड द्यायचं. झबलं, दुपटं, कुंची, टोपडं, जे जपून ठेवलं असेल ते. त्यातून वीतभर चौकोनी तुकडा कापायचा आणि त्याची गोष्ट सांगायची. गोष्ट आम्ही वहीत उतरवून घेतो. सगळे तुकडे जोडून एक मोठी गोधडी करायची आणि मंडळाच्या हॉलमध्ये लावायची, शेजारी गोष्टींची वही. शिवायला दर बुधवारी दुपारी तीन ते पाच सगळ्यांनी जमायचं.

आजवर ३१ तुकडे आले. त्यातले ३० बायकांनी आणले. एक आजोबा घेऊन आले, तेही आजींचे गुडघे दुखत होते म्हणून.

दुसरी अडचण अशी की वहीत येणाऱ्या गोष्टी सगळ्या एकाच चवीच्या आहेत. 'पहिल्यांदा मांडीवर घेतलं आणि सगळा त्रास विसरले.' खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. पण शिवताना, मान खाली घालून, याच बायका एकमेकींना जे सांगतात ते फार वेगळं असतं. एकीने सांगितलं की दुसरी मुलगी झाली तेव्हा सासरचं कुणी पाच दिवस दवाखान्यात फिरकलं नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईची आई आपल्या लेकीसाठी अळिवाची खीर आणायची, त्यातली अर्धी वाटी रोज हिला द्यायची. मी वही उघडली तशी ती म्हणाली, "हे नको बाई लिहू. टोपड्याचं लिही."

तर विचारायचं हे की पुरुषांना कसं आणावं? आणि अळिवाच्या खिरीची गोष्ट वहीत यायला काय करावं?

शेवगा

रुमाल टाकून ठेवते. रात्री सविस्तर लिहीन. कल्पना फार म्हणजे फार आवडली.

निवांत

बुधवारी दुपारी तीन ते पाच, आणि तेही इचलकरंजीत? ताई, बाबा लोक येणार कुठून? यंत्रमागावर आठ ते आठ पाळी असते. दिवसपाळीवाला कारखान्यात उभा, रातपाळीवाला घरी झोपलेला. आधी वेळ बदला. पुरुष बोलत नाहीत हे त्यानंतर ठरवू.

माझ्या वडिलांनी ३२ वर्षं माग चालवला, म्हणून हे लिहिलं. राग मानू नका.

कांडी

@निवांत, राग कसला! आमच्या घरात कुणी मागावर नाही. खडखडाट लहानपणापासून ऐकतेय, पण तिथे उभ्या असलेल्या माणसाचं घड्याळ माझ्या डोक्यातच आलं नाही. वेळ बदलते.

जुना_वाचक

मला या उपक्रमाची गरज कळलेली नाही, स्पष्टच लिहितो. माझ्या आईने सहा मुलं वाढवली. त्याआधीची दोन गेली होती. ती कधी त्यावर बोलली नाही, आम्हीही विचारलं नाही. घरचं दुःख घरात ठेवणं ही तिची ताकद होती. ते कापडावर शिवून हॉलमध्ये टांगायचं म्हणजे तिला आवडलं नसतं, एवढं नक्की.

गोकर्ण

@जुना_वाचक, तुमच्या आईंबद्दल आदर ठेवून विचारते, त्या बोलल्या नाहीत, की तुमच्यासमोर बोलल्या नाहीत? घरात जातं होतं का?

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी सहकाऱ्यांसोबत वर्षानुवर्षं गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या. २०१७ पासून त्या 'पारी' या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर येत आहेत, बऱ्याच ओव्या बायकांच्या आवाजातच ऐकता येतात. माझ्या रात्रीच्या रात्री त्यात गेल्या आहेत. लेकीला सासरी धाडल्यावरचं, लेकाचं कौतुक, आई गेल्यावर माहेर कसं परकं होतं, सगळं सगळं त्यात आहे. ज्या बायका 'कधी बोलल्या नाहीत' असं आपण म्हणतो, त्यांनीच हे म्हटलेलं आहे.

मात्र जागा कुठली होती ते बघा. पहाटेचा अंधार. पुरुष झोपलेले. समोर एकच बाई, तीही दळणात. हात खुंट्याला, नजर पिठावर. आणि जात्याची घरघर इतकी की पलीकडच्या खोलीत शब्द कळू नये.

@कांडी, तुमच्या बायका सुईजवळ बोलतात आणि वही उघडली की गप्प होतात, ते याच कारणाने. वही म्हणजे चावडी झाली. शिवताना वही आणूच नका. ऐका, घरी जा, मग लिहा आणि पुढच्या वेळी वाचून दाखवा. ती 'ठेव' म्हणाली तर ठेवा. 'फाड' म्हणाली तर तिच्यासमोर फाडा.

मोरपंख

गोकर्ण, +१०१. विशेषतः शेवटचं वाक्य.

बाराखडी

आमच्याकडचं दुपटं द्यायला माझी तयारी आहे हो, पण २६ वर्षांचे चिरंजीव म्हणतात, "ते माझं आहे." अजून प्रवासाला जाताना बॅगेत तळाशी असतं. परवा त्याची होणारी बायको मला म्हणाली, "काकू, ते धुवायला मागितलं तर चालेल का?" म्हटलं, मला २० वर्षांत जमलं नाही, तू प्रयत्न कर.

शेवगा

आले. मला दुसऱ्या बाजूने लिहायचंय.

गोष्टी आईबाप सांगणार, पण त्या मुलांच्याही आहेत ना? टोपड्याचा मालक आज १५ वर्षांचा असेल आणि त्याच गल्लीत क्रिकेट खेळत असेल. त्याच्या आईने 'हा पोटात असताना मला नकोच होता' असं खरंखुरं सांगितलं, आपण टाळ्या वाजवल्या, आणि ते त्याने हॉलमध्ये वाचलं तर? मी शाळेत समुपदेशक आहे. मुलं अशा गोष्टी फार वर्षं वागवतात.

त्यामुळे नाव घालायचं की नाही हे दोघांना विचारा. मूल मोठं असेल तर त्याला आधी वाचायला द्या.

गोकर्ण

@शेवगा, नाव गाळलं तरी ३१ घरांच्या गल्लीत झबल्यावरून घर ओळखू येतं. तुमचा मुद्दा पटला. पण नकोसं वाटण्याच्या गोष्टी गाळल्या तर पुन्हा 'मांडीवर घेतलं आणि विसरले' एवढंच उरेल. मुलासोबत बसून वाचणं हा मार्ग बरा वाटतो. कदाचित त्याला ते आधीच ठाऊक असतं.

शेवगा

बहुतेक वेळा ठाऊक असतं. पण ते कुठे आणि कुणाकडून पहिल्यांदा ऐकलं, यावर बरंच अवलंबून असतं. एवढंच माझं म्हणणं.

पायवाट

मी बीड जिल्ह्यातला. माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. मुकादमाकडून नवरा-बायकोच्या जोडीची उचल घ्यायची, त्या जोडीला एक कोयता म्हणतात. दिवाळीच्या सुमाराला ट्रॅक्टर निघायचा आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, ते तिकडेच कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत. धाकटी बहीण अंगावर पीत होती म्हणून तिला सोबत नेली. मी शाळेसाठी आजीपाशी.

आता मला सांगा, माझं कापड कुणी आणायचं? वर्षातले सहा महिने मला आजीने वाढवलं. तिच्या लुगड्याच्या वाकळीत झोपलो. पण कारखान्याचा पट्टा पडला की आई पहिली माझ्याजवळ यायची, आणि मी तिच्याकडे जायचो नाही. आजीच्या मागे लपायचो. दोनतीन दिवस लागायचे. आई काही म्हणायची नाही, चुलीपाशी बसायची आणि भाकरीचा पापुद्रा काढून मला लांबूनच दाखवायची. तो पापुद्रा घ्यायला मी जवळ जायचो.

तुमच्या भागातही तोडीला आमच्याकडची माणसं येतात. पंचगंगेच्या काठाने कोप्या असतात. गोधडी 'गल्लीची' आहे हे मान्य, पण एखाद्या कोपीत विचारून बघाल का?

कांडी

@पायवाट, विचारणार. कारखाना चालू आहे तोवरच जावं लागेल. पापुद्रा वाचून बराच वेळ बसून राहिले.

दूरदेशी

न्यू जर्सीहून वाचतेय. अमेरिकेत एड्सने गेलेल्यांसाठी त्यांच्या माणसांनी शिवलेली एक प्रचंड गोधडी आहे. ऑक्टोबर १९८७ मध्ये वॉशिंग्टनला ती पहिल्यांदा अंथरली तेव्हा तिच्यात १,९२० तुकडे होते, प्रत्येक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, म्हणजे साधारण थडग्याएवढा. ज्यांच्या आजाराचं नाव घ्यायला घरं तयार नव्हती, त्यांची नावं त्यावर शिवली गेली, कित्येकदा आयांनीच. @जुना_वाचक, दुःख टांगणं वेगळं आणि लपवायला लावलेलं दुःख उघड्यावर आणणं वेगळं, असं मला वाटतं.

आणि दुपट्यांवरून आठवलं. अर्जेंटिनात लष्करी राजवटीने पळवलेल्या मुलांच्या आया १९७७ पासून ब्युनॉस आयर्सच्या चौकात फेऱ्या घालू लागल्या. एकमेकींना ओळखता यावं म्हणून त्यांनी डोक्याला पांढरं कापड बांधलं. सुरुवातीला ते मुलांच्या लंगोटाचं कापड होतं.

हळदीचं_पान

पहिल्यांदाच लिहितेय.

ज्यांच्याकडे कापड आहे पण मूल नाही, त्यांनाही बोलावणार का?

माझ्या आईने सातव्या महिन्यात कुंची शिवून ठेवली होती. हिरवी खणाची, मोती लावलेली. २०१४ पासून कपाटात आहे. बारशाला कुणाला द्यावी असं दोनदा वाटलं, पण अशी कुंची कुणी घेत नाही, आणि मलाही द्यायची नाहीये.

मोरपंख

तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. काही बोलायला नको, फक्त इथे आहे एवढं कळवते.

कांडी

@हळदीचं_पान, हो. हे आधीच लिहायला हवं होतं. 'मुलाचं कापड' असं म्हटल्याने मी किती जणींना दारातूनच परत पाठवलं असेल. आमच्या चिठ्ठीतलं वाक्य बदलतेय : 'मुलासाठी घेतलेलं, शिवलेलं किंवा जपलेलं कापड'. खणाची कुंची कापू नका. ती अख्खीच वर टाचता येईल, नंतर परत काढून नेता येईल अशी. आणि नाही आणलीत तरी चालेल.

शिलाई

मी निवृत्त शिंपी, ४० वर्षं मशीन चालवलं. काही कामाच्या गोष्टी सांगतो.

तान्ह्या मुलाचं सुती कापड धुऊन धुऊन विरलेलं असतं. ते नुसतं जोडलं तर टाक्यातून फाटतं. प्रत्येक तुकड्याला मागून मांजरपाट लावा, तुमच्या गावात ताक्याने मिळेल. मांजरपाट आधी पाण्यातून काढा, नाहीतर नंतर आटतो आणि गोधडीला चुण्या पडतात. लाल आणि गर्द निळा रंग जातो, ओला पांढरा रुमाल दाबून बघा. लोकरीची टोपडी सुती तुकड्याशेजारी घेऊ नका, ओढ वेगळी असते. धावदोरा हातानेच घाला. मशीनचा टाका जुन्या कापडाला कापतो.

मोरपंख

माझीही गोष्ट देते, कारण प्रश्न थोडा वेगळा आहे. आमची लेक आमच्याकडे आली तेव्हा सात महिन्यांची होती. दत्तक. संस्थेतून घरी आणताना तिच्या अंगावर पिवळा फ्रॉक होता, मापाने मोठा, बाहीला दुसऱ्याच रंगाची दोऱ्याची शिवण. कुणीतरी तो आधी वापरला होता, उसवला होता आणि शिवला होता. त्या सात महिन्यांबद्दल माझ्याकडे कागद आहेत, वजनाचे आणि लसींचे. पण ती बाहीची शिवण कुणी घातली ते नाही. ती शिवण मला रोज दिसते. माझ्याआधी कुणीतरी हिच्यासाठी सुई हातात घेतली होती.

लेक आता ११ वर्षांची आहे. शेवगांचं वाचून तिला विचारलं, इथे लिहू का? म्हणाली, "लिही, पण फ्रॉक कापायचा नाही."

केळफूल

एका बापाचा प्रतिसाद. धाग्यात कमी आहेत म्हणून.

आमचा मुलगा ३१व्या आठवड्यात झाला, वजन १,३०० ग्रॅम. पहिले दिवस काचेआडून बघणं. मग नर्सबाई म्हणाल्या, आईला ताप आहे, तुम्ही कांगारू द्या. म्हणजे बाळाला नुसत्या लंगोटावर बापाच्या उघड्या छातीवर उभं धरायचं, वरून शर्ट आणि पांघरूण. आईच्या किंवा बापाच्या अंगाची ऊब त्याला मिळत राहते. मी तासतास तसा बसलो. हलायचं नाही. तो छातीवर कोमट उंदराएवढा. मला शिंक येईल याची भीती.

याबद्दल मला ९ वर्षांत कुणी विचारलेलं नाही. सगळे बायकोला विचारतात, तेव्हा मी चहा आणायला उठतो. तुम्ही 'बाप झाल्यावर कसं वाटलं?' असं विचारलंत तर मीही 'छान वाटलं' म्हणून उठेन. पण 'त्या दिवशी अंगात कुठला शर्ट होता?' असं विचारा. निळ्या चौकड्यांचा होता, वरची चार बटणं उघडी. अजून आहे.

निवांत

@केळफूल, दंडवत. @कांडी, हा प्रश्न लिहून घ्या.

बाराखडी

आमच्या ह्यांना आत्ता विचारलं. मला वाटलं आठवणार नाही. म्हणाले, "बनियन. शर्ट रिक्षात राहिला होता, तू पायाखाली अंथरला होतास." इतक्या वर्षांत मला हे ठाऊक नव्हतं.

जुना_वाचक

गोकर्णबाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला चार दिवस लागले.

जातं होतं. पडवीत. मी आईच्या मांडीला डोकं टेकून झोपायचो, जात्याबरोबर मांडी हलायची. ती म्हणायची ते मी ऐकलेलं आहे, पण मला ते गाणं वाटायचं. थोरल्या बहिणीला काल फोन केला, ती ८१ वर्षांची आहे. तिला विचारलं, आई त्या दोघांबद्दल कधी बोलली का? ती म्हणाली, "रोज बोलायची. दोघांची नावं घालून ओवी म्हणायची."

मला त्यांची नावं माहीत नव्हती. बहिणीने सांगितली. ती इथे लिहीत नाही.

माझं पहिलं मत पूर्ण बदललं असं नाही. हॉलमध्ये टांगण्याबद्दल अजून संकोच वाटतो. पण विचारायला हवं होतं.

गोकर्ण

काका, बहिणीला ओव्या आठवत असतील तर फोनवर म्हणून घ्या. कुणासाठी नाही, तुमच्यासाठी.

कांडी

धागा वर काढतेय, सव्वा महिन्याने.

वेळ बदलली. कारखान्यांच्या गल्लीत चहाची टपरी आहे, तिच्या शेजारचा रिकामा गाळा मालकांनी दिला. रात्री आठला पाळी सुटते तेव्हा तिथे सतरंजी, बल्ब आणि अर्धी शिवलेली गोधडी. वही नाही. पहिल्या दिवशी कुणी आत आलं नाही. चहा घेत उभ्या उभ्या बघितलं आणि गेले. दुसऱ्या दिवशी एकाने विचारलं, हा कुठला कपडा, पॉपलीन का? कापड हा त्यांचा विषय! मग आत आले, तुकडे बोटांत धरून बघायला लागले. झबल्याची वीण बघून कापड कुठलं असेल यावर दोघांची पैज लागली.

एक काका कापड न बोलता बघत होते. मी केळफूल यांचा प्रश्न विचारला, पोरगं झालं त्या दिवशी अंगात काय होतं? म्हणाले, "पोरगी." मग दोन दिवसांनी येऊन त्यांनी एक रुमाल दिला. २००४ सालची गोष्ट. शेजारच्या कारखान्यात फोन आला, ते तसेच निघाले. दवाखान्याच्या दारात बाई म्हणाल्या, हात धुऊन या. नळावर धुतले, मागाचं तेल निघेना. रुमालाला पुसले, तरी निघेना. हात मागे बांधून मुलगी बघितली आणि पाळीवर परत आले. पाच दिवसांनी बायको माहेरी गेली. मुलीला उचललं ते थेट बारशाला.

मी म्हटलं, काका, शिवते मी. म्हणाले, द्या इकडे. ताण्याचा धागा तुटला की हे लोक चालत्या मागाशेजारी दोन बोटांत अशी गाठ मारतात की कापडात ती हाताला लागत नाही. तशीच गाठ मारून त्यांनी सुरुवात केली. रुमालाची चौपदरी घडी घातली, डाग वर येईल अशी. टाके माझ्यापेक्षा बारीक. तेवढ्यात बाकीचे तिघे बसले, आणि सुया कमी पडल्या.

आता ५२ तुकडे आहेत, त्यांतले १४ बापांचे. नदीकाठच्या कोपीतून एका आजीने लुगड्याची पट्टी दिली. हिरवी कुंची आली, अख्खी, चार टाक्यांवर. अळिवाच्या खिरीची गोष्ट मी लिहून वाचून दाखवली. ती म्हणाली, "ठेव. पण त्या बाईच्या आईचं नाव घाल, माझं नको." नाव तिला आठवत नव्हतं, गाव आठवत होतं. गाव घातलं.

एक अडचण उरली आहे. @शिलाई, त्या रुमालावरचा तेलाचा डाग शेजारच्या पांढऱ्या दुपट्यात उतरेल का? धुवावा लागेल का?

शिलाई

धुऊ नका. २० वर्षांचा डाग आहे, वाळलेला. पण उन्हाळ्यात हॉल तापतो, म्हणून काळजी घ्या. मागे मांजरपाट दुहेरी लावा आणि दुपट्याच्या बाजूला बोटभर पट्टी मध्ये सोडा. पट्टी काकांनाच शिवू द्या.